दिवे कशाला, संस्कार हवेत?

दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात २०१६ साली शहरी रेल्वेत 'पिंक लाइट'चा प्रयोग झाला. गरोदर बाईच्या पर्समध्ये छोटंसं ब्लूटूथ यंत्र. ती राखीव सीटजवळ आली की शेजारच्या दांड्यावरचा गुलाबी दिवा आपोआप लागणार.

ह्यावर आपल्याकडची ठरलेली प्रतिक्रिया: "दिवे कशाला? संस्कार हवेत!"

मान्य. पण मंडळी, पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसतच नाही, आणि मळमळ, चक्कर नेमकी तेव्हाच जास्त. तुमच्या थोर संस्कारांना कळणार कसं? म्हणजे तिनेच अनोळखी माणसाला सांगायचं. घरीसुद्धा अजून सगळ्यांना सांगितलेलं नसतं हो! लंडनमध्ये २००५ पासून 'बेबी ऑन बोर्ड' बिल्ला आहे, पण तो मोबाईलमधून मान वर केली तरच दिसतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले युजर शहाणा आहे असं धरून कोड लिहीत नाही. मग समाज शहाणा होईपर्यंत बाईने का उभं राहायचं?

दिवा कुणाला हाताला धरून उठवत नाही, खरंय. पण "मला कळलंच नाही" ही पळवाट तरी बंद होते. त्यानंतरही जो बसून राहील, त्याच्यावर संस्कार खुशाल करा.