१६८ सेंटीमीटरच्या पोराला कुणी घ्यायचं? ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ड्राफ्टमधला उंचीचा वाद

ऑस्ट्रेलियात दर नोव्हेंबरमध्ये साठ-सत्तर मुलांची नावं पुकारली जातात आणि त्यांचं आयुष्य बदलतं. यातली बहुतेक मुलं जेमतेम १८ वर्षांची असतात, नुकतीच शाळा संपलेली. हा एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट. त्याआधी दोन-तीन वर्षं क्लबांची माणसं या मुलांचे सामने पाहत फिरत असतात. उंची, वजन, हातांची लांबी, २० मीटरची धाव, उडी, २ किलोमीटरची धाव, सगळं मोजून झालेलं असतं. आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मुलावरून तोच वाद रंगतो: पोरगा खेळतो जबरदस्त, पण अंगानं लहान आहे. घ्यायचा की सोडायचा?

२०१४ साली हा वाद केलेब डॅनियल या मुलावरून झाला होता. उंची १६८ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट. लाथ इतकी अचूक की चेंडू हव्या त्या माणसाच्या हातात जाऊन पडायचा. तरीही ४५ खेळाडूंची नावं पुकारून झाली, तेव्हा कुठे वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबनं त्याला घेतलं. दोन वर्षांत तो विजेत्या संघात होता. २०२० मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’मध्ये, त्याची निवड झाली. त्याच वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

मग क्लबांचं चुकलं होतं का? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

या खेळात उंची इतकी का लागते?

आपल्याकडे उंचीचा विषय निघाला की लगेच सचिनचं नाव येतं. ज्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर गावसकर आणि तेंडुलकर या जेमतेम साडेपाच फुटांच्या दोन मुंबईकरांनी कसोटी शतकं ठोकली, त्याच मैदानावर एएफएलचा अंतिम सामना होतो. पण ही तुलना तिथेच थांबवलेली बरी. क्रिकेटमध्ये बॅट्समनच्या अंगावर चेंडू येतो, इथे माणसं येतात.

लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू, ऑफसाइडचा नियम नाही. त्यामुळे धडक समोरून येते, बाजूनं येते, पाठीमागूनही येते. कुणी १५ मीटर किंवा त्याहून लांबून लाथेनं मारलेला चेंडू खाली पडू न देता झेलला, तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेतलेल्या खेळाडूला निवांतपणे पुढची लाथ मारता येते. म्हणजे हवेतला चेंडू जो जिंकेल, त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. गोलसमोरचा मुख्य फॉरवर्ड आणि त्याला अडवणारा मुख्य डिफेंडर यांची सगळी लढाई हवेतच असते. तिसरी जागा ‘रक’ची: पंच चेंडू वर उडवतो तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसांकडे ढकलणारा खेळाडू. मेलबर्न क्लबचा मॅक्स गॉन २०८ सेंटीमीटरचा आहे. या तीन कामांसाठी १६८ सेंटीमीटरच्या मुलाचा विचारही होत नाही, आणि त्यात अन्याय काही नाही.

पण मैदानावरच्या १८ जणांपैकी अशी कामं फार तर पाच-सहा जणांची असतात. बाकीच्यांचं काय? खरा वाद या बाकीच्या जागांवर आहे.

ड्राफ्टचं गणित

ड्राफ्ट १९८६ पासून चालू आहे. ज्या क्लबचा आधीचा मोसम सगळ्यात वाईट गेला, त्याला पहिली निवड मिळते. (क्लब आपापसांत या क्रमांकांची देवाणघेवाण करतात, माजी खेळाडूंच्या मुलांसाठी वेगळा नियम आहे, पण त्यात आत्ता शिरायला नको.) मुलाला क्लब निवडता येत नाही. कुणीच घेतलं नाही, तर राज्याच्या लीगमध्ये खेळत पुढच्या संधीची वाट पाहायची.

क्लबच्या बाजूनं विचार केला तर उंच मुलाचं आकर्षण कळतं. दोन मीटरच्या आसपासची, पळणारी आणि हातात चेंडू धरू शकणारी मुलं मुळातच कमी असतात. पाच फूट आठ इंचांची, चपळ आणि हुशार मुलं प्रत्येक उपनगरातल्या क्लबात सापडतात. दुर्मीळ माल आधी उचलायचा, हे बाजाराचं साधं तत्त्व. शिवाय गेल्या काही वर्षांत मिडफिल्डमध्येही धिप्पाड खेळाडूंचं फॅड आलं. कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स जवळपास साडेसहा फुटांचा असून मिडफिल्डर आहे. टॅकल करायला आलेले दोघे-तिघे अंगाला लटकलेले असतानाही तो हात मोकळे ठेवून चेंडू पुढे देतो. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला पंचांच्या मतांवरून मिळणारं ब्राउनलो पदक त्यानं २०२२ आणि २०२४ असं दोनदा जिंकलं. असा माणूस पाहिल्यावर प्रत्येक क्लबला ‘आपला क्रिप्स’ हवासा वाटणारच.

पण त्याच पाच वर्षांत, २०२० आणि २०२३ साली, हेच पदक दोनदा जिंकणारा दुसरा खेळाडू कोण? लॅची नील. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, कामही तेच, मिडफिल्डरचं. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो ५८ वा होता. त्या ड्राफ्टमधली पहिली निवड होती जॉनथन पॅटन, उंचापुरा फॉरवर्ड. त्याची कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतींनी पोखरली.

अशी उदाहरणं देत बसलं तर बरीच मिळतात. टोनी लिबरेटोरे १६३ सेंटीमीटरचा होता. या स्पर्धेनं व्हिक्टोरियापुरतं जुनं नाव टाकून एएफएल हे नाव घेतलं, त्या पहिल्याच मोसमात, १९९० मध्ये, ब्राउनलो पदक त्यानं जिंकलं. ब्रेंट हार्वीला नॉर्थ मेलबर्ननं १९९५ मध्ये ४७ व्या क्रमांकावर घेतलं. पावणेसहा फुटांपेक्षा कमी उंचीचा हा माणूस २०१६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ४३२ सामने खेळला होता, आणि तो लीगचा विक्रम होता. ३५० सामन्यांत ६४० गोल करणाऱ्या एडी बेट्सला राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंच नव्हतं. त्याला मोसमाआधीच्या छोट्या ड्राफ्टमधून यावं लागलं.

जरा थांबा

ही नावं वाचून ‘उंचीला काही अर्थ नाही’ असं म्हणून पोस्ट शेअर करायचा मोह होईल. तो आवरायला हवा. ही यादी यशस्वी झालेल्यांची आहे. त्याच काळात लहान चणीची किती मुलं ड्राफ्टमध्ये आली आणि दोन वर्षांत घरी गेली, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कारण त्यांच्यावर कुणी रील बनवत नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूंपैकी बरेचसे, उंच असोत की बुटके, फार सामने खेळतच नाहीत. एका डॅनियलवरून नियम निघत नाही, तसा एका पॅटनवरून उंच मुलांविरुद्धही निघत नाही. दुखापत उंची विचारून येत नाही.

तरीही क्रमांकांकडे पुन्हा पाहा. हार्वी ४७ वा, डॅनियल ४६ वा, मध्ये १९ वर्षांचं अंतर. घ्यायला हरकत नाही, पण आधी बाकीचं बघू, असा हा हिशेब दिसतो. उंची हा एक मुद्दा म्हणून तोलला गेला तर ठीक आहे. इथे तो चाळणीसारखा वापरला गेला असावा, असं मला वाटतं.

सतराव्या वर्षी मोजलेलं शरीर किती खरं?

या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा, भाग हा आहे.

ड्राफ्टला पात्र व्हायला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच रांगेत. जवळपास वर्षाचा फरक. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा फरक प्रचंड असतो. त्यात वयात येण्याचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं. एकाच वर्गातली दोन मुलं आठवा, एकाला मिशी फुटलेली आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. जन्मतारीख तीच असली तरी शरीराचं वय दोन-तीन वर्षांनी वेगळं असू शकतं. लवकर वाढलेला मुलगा कनिष्ठ गटात सगळ्यांना धक्के मारून चेंडू काढतो, निवड समितीच्या नजरेत भरतो, त्याला चांगले प्रशिक्षक मिळतात. उशिरा वाढणारा मागे राहतो, आणि कित्येकदा खेळच सोडतो. कित्येक खेळांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा जास्त दिसतो, तो यामुळेच. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्यांनी यावर उपाय म्हणून मुलांना वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गटात खेळवून पाहिलं.

अठराव्या वर्षी बहुतेकांची उंची वाढून झालेली असते हे खरं. १६८ चा मुलगा १८५ चा होणार नाही. पण स्नायू, वजन, धडक सोसण्याची ताकद हे सगळं पुढच्या चार-पाच वर्षांत येतं. म्हणून ‘लहान’ या एका शब्दात दोन वेगळी मुलं कोंबली जातात. एक कायमचा बुटका, पण अंगानं भरलेला. दुसरा पुरेसा उंच, पण काडीसारखा. दुसऱ्याला वजन येईल. पहिल्याला आणखी काही येणार नाही, पण त्याच्याकडे जे आहे ते त्यानं धिप्पाड मुलांशी झुंजत कमावलेलं असतं. ताकदीच्या जोरावर चेंडू मिळत नाही, म्हणून तो कुठे पडेल हे आधी ओळखायला शिकलेला असतो. सोळाव्या वर्षी निव्वळ आकारावर जिंकणाऱ्या मुलाचं हत्यार सीनियर गटात गेल्या दिवशी बोथट होतं, कारण तिथे सगळेच मोठे असतात. बुटक्याचं हत्यार तसंच राहतं.

आणि धीराचा हिशेबही सारखा नसतो. गॉनला मेलबर्ननं २००९ मध्ये ३४ व्या क्रमांकावर घेतलं. मध्ये गुडघ्याचं दुखणं झालं. ऑल-ऑस्ट्रेलियन संघात तो पहिल्यांदा २०१६ मध्ये आला, आणि २०२१ मध्ये कर्णधार म्हणून त्यानं क्लबची ५७ वर्षांची प्रतीक्षा संपवली. उंच मुलाला वेळ द्यावा लागतो हे सगळे मान्य करतात. लहान चणीच्या मुलाला मात्र आल्या आल्या सिद्ध करावं लागतं. दोन मोसम फिके गेले की ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ सुरू.

वारं बदलतंय, पण एकाच दिशेनं

२०१७ मध्ये रिचमंडनं एक उंच फॉरवर्ड आणि भोवती छोटे, पळणारे, टॅकलसाठी तुटून पडणारे फॉरवर्ड अशी रचना करून विजेतेपद मिळवलं. चेंडू हवेत जिंकता आला नाही तरी चालेल, खाली पडला की प्रतिस्पर्ध्याला बाहेर काढू द्यायचा नाही, हा डाव. खेळाडू बदलण्यावरची मर्यादाही १२० वरून ९०, आणि २०२१ पासून ७५ वर आली. बाकावर विश्रांती कमी झाल्यामुळे दमसास असलेल्या पायांची किंमत वाढली. २०१९ मध्ये १७१ सेंटीमीटरचा कायसाया पिकेट १२ व्या क्रमांकावर गेला. २०२३ मध्ये हॉथॉर्ननं १७० सेंटीमीटरच्या निक वॉटसनला चक्क पाचव्या क्रमांकावर उचललं. डॅनियलच्या वेळी असं कुणी बोललं असतं तर हसले असते.

पण पिकेट आणि वॉटसन हे गोल करणारे छोटे फॉरवर्ड म्हणून घेतले गेले. त्या एका कामासाठी बुटकेपणा आता चालतो, किंबहुना हवासा वाटतो. मिडफिल्डमध्ये किंवा बचावात खेळू पाहणाऱ्या लहान मुलाला अजूनही जुनेच प्रश्न विचारले जातात. डॅनियलनं नाव कमावलं ते मागच्या फळीतून, अचूक लाथेनं हल्ले सुरू करून. आज तसा मुलगा आला तर पाचव्या क्रमांकावर जाईल? मला शंका आहे.

गंमत म्हणजे बुलडॉग्जनी ६२ वर्षांनी जिंकलेल्या २०१६ च्या त्या अंतिम सामन्यात हेल्मेट घालून खेळणाऱ्या डॅनियलच्या बरोबर टॉम बॉइडही होता. दोन मीटर उंच, २०१३ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. त्यानं त्या दिवशी ३ गोल केले, त्यातला शेवटच्या क्वार्टरमधला लांबून मारलेला गोल मेलबर्नमध्ये आजही दाखवला जातो. १६३ सेंटीमीटरच्या लिबरेटोरेचा मुलगा टॉमही त्याच संघात होता.

पुढची मोठी परीक्षा टास्मानियाची. २०२८ पासून टास्मानिया डेव्हिल्स हा लीगचा १९ वा संघ होणार आहे, आणि त्याला अख्खा संघ शून्यातून उभा करायचा आहे. नव्या संघाचा असाच मोठा शिरकाव २०११ च्या ड्राफ्टमध्ये झाला होता. ग्रेटर वेस्टर्न सिडनी या नव्याकोऱ्या क्लबकडे पहिल्या काही निवडींचा ढीग होता आणि देशातली हवी ती मुलं घ्यायची मोकळीक होती. पॅटनला पहिल्या क्रमांकावर घेतलं ते त्यांनीच. नील ५८ व्या क्रमांकापर्यंत तिथेच बसून होता.