काट्यावर माणूसही चढवा

उसाची गाडी काट्यावर चढली की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. किलोचाही फरक खपवून घेत नाही. पण मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू झाल्यावर घरातला मुलगा तीन महिन्यांत आठ किलोंनी वाढला, तर ‘अंग धरले, बरा झाला’ म्हणून समाधान मानतो. पुढे तोच जाड दिसू लागला की ‘आळशी, खादाड’ म्हणून हिणवतो. हे दोन्ही चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही वाढ पुष्कळदा औषधामुळे होते. ओलान्झापिन व क्लोझापिन या गोळ्यांनी वजन सर्वांत जास्त वाढते, ॲरिपिप्राझोलने कमी. काही गोळ्यांमुळे भूक भागल्याची जाणीवच मंदावते. जेवून उठलेला माणूस पुन्हा डबे धुंडाळतो. त्यात सुस्तीची भर पडते. पहिल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने चढते आणि मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

मग गोळ्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. मनाने गोळी सोडली की आजार उलटतो, आणि मग घर व शेत दोन्ही विस्कटतात. औषध बदलावे की जोडीला मेटफॉर्मिन द्यावे, हे डॉक्टरच ठरवू शकतात. परंतु त्यांना विचारायला आपण गेले पाहिजे.

जाताना वजनाची वही न्यावी. गोळी सुरू करण्यापूर्वी व नंतर दर महिन्याला वजन लिहावे. 60 किलोच्या माणसाचे चार किलो वाढले की थांबू नये. रक्तातील साखर व चरबी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासून घ्यावी.

घरात एकट्याचे ताट वेगळे काढू नका. चहातली साखर सर्वांचीच कमी करा. भात थोडा, भाकरीसोबत उसळ व पालेभाजी भरपूर असू द्या. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. तेव्हा सरबत न देता पाणी द्या. सकाळच्या गारव्यात त्याला शेतावर सोबत न्या. भर उन्हात राबवू नका, कारण या औषधांनी ऊन लवकर बाधते.

सल्ला हवा असल्यास 2022 साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर फोन विनामूल्य लागतो.

उसाच्या वजनात मार बसला तर एका हंगामाचे नुकसान होते. माणसाच्या वजनाकडे दुर्लक्ष झाले तर ते आयुष्यभराचे होते.