निळ्या रक्ताचं ऋण

ओडिशात बालासोरजवळ चांदीपूरचा किनारा आहे. ओहोटीला तिथला समुद्र चार-पाच किलोमीटर मागे सरतो आणि थोड्या वेळापूर्वी जिथे लाटा होत्या, तिथे माणसं चालू लागतात. त्या ओल्या वाळूवर मी पहिल्यांदा हॉर्सशू क्रॅब पाहिला. उपड्या कढईसारखी तपकिरी ढाल आणि मागे काट्यासारखी ताठ शेपटी. लाटेने त्याला उताणं टाकलं होतं, पाय हवेत हलत होते. सोबतच्या मच्छीमाराने ढालीच्या दोन्ही कडा धरून त्याला अलगद सुलटं केलं. "शेपटीला धरायचं नाही, इजा होते," तो म्हणाला. वाळूवर रेघ ओढत तो प्राणी सावकाश पाण्याकडे निघाला.

हा प्राणी खऱ्या खेकड्यांपेक्षा कोळी आणि विंचू यांच्या अधिक जवळचा. त्याच्या कुळाचे फार जुने जीवाश्म कॅनडातल्या मॅनिटोबात मिळाले, सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचे. डायनोसॉर आले ते त्यानंतर वीस कोटी वर्षांनी. पृथ्वीवरची बहुतेक जीवसृष्टी पुसून टाकणारे पाच महासंहार होऊन गेले, पण हे कुळ टिकलं आणि त्याची घडण फारशी बदललीही नाही. आज जगात त्याच्या चारच जाती उरल्या आहेत. त्यांतल्या दोन आपल्या देशात, ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अनिल चटर्जी यांनी या जीवांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

आपला आणि त्याचा संबंध मात्र किनाऱ्यापुरता नाही. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून हवा लागली की ते निळं दिसतं. आपल्यासारखी प्रतिपिंडं त्याच्याकडे नाहीत. जखमेतून जंतू आत शिरले की त्याच्या रक्तपेशी तिथे गोठतात आणि जंतूंना जागीच कोंडतात. अमेरिकेतल्या वुड्स होल इथे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये हे गोठणं नोंदवलं. पुढे जॅक लेविन यांच्या साथीने त्यावरून औषधातलं जंतूंचं विष ओळखणारी चाचणी तयार झाली. जंतू मेले तरी त्यांच्या आवरणातलं विष औषधात राहू शकतं आणि ते रक्तात गेलं तर तापापासून मृत्यूपर्यंत काहीही होऊ शकतं. पूर्वी हे तपासायला सशांना औषध टोचून त्यांना ताप येतो का ते पाहत. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या निळ्या रक्ताच्या चाचणीला मान्यता दिली आणि लसी, सलाइन, शरीरात बसवायची उपकरणं यांच्या तपासणीत ती जगभर रूढ झाली. इंजेक्शन घेतलेल्या जवळपास प्रत्येकावर या जीवाचे उपकार आहेत.

त्या उपकारांची फेड आपण कशी करतो? अमेरिकेत दरवर्षी लाखो प्राणी पकडून त्यांचं रक्त काढतात आणि त्यांना परत समुद्रात सोडतात. त्यातले बरेच जगत नाहीत. आपल्याकडे मासेमारीच्या जाळ्यात ते अडकतात. त्यांना सोडवताना जाळं फाटतं, वेळ जातो आणि बाजारात त्यांना भाव नसतो, म्हणून अनेकदा त्यांना तिथेच वाळूवर फेकून देतात. मी त्या मच्छीमारांना दोष देत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला फाटलेलं जाळं परवडत नाही. पण भरतीला अंडी घालायला जोडीने येणारी ही जनावरं वयात यायला दहाएक वर्षं घेतात. मादी अंड्यांसकट उन्हात मेली की ते नुकसान लवकर भरून येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा त्यांच्या बाजूने आहे, पण किनाऱ्यावर ते संरक्षण क्वचितच दिसतं.

करण्यासारखं बरंच आहे. जाळ्यातून जिवंत प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळाली पाहिजे. अंडी घालण्याच्या वाळूवर बांधकामं आणि वाळूउपसा थांबला पाहिजे. पर्यटकांनी त्याची वाळवलेली ढाल शोभेला विकत घेऊ नये. आणि मोठी जबाबदारी औषध उद्योगाची. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या जेक लिंग डिंग आणि बो हो यांनी याच रक्तातलं मुख्य प्रथिन प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग दाखवला आहे. त्यावर आधारलेली चाचणी युरोपच्या औषधसंहितेने २०२१ पासून स्वीकारली. महाराष्ट्रात लसी आणि इंजेक्शनं बनवणारे कारखाने थोडेथोडके नाहीत. त्यांनी ही चाचणी आपणहून स्वीकारावी आणि आपण ग्राहकांनी, डॉक्टरांनी ती मागावी. रक्त न सांडता तेच काम होत असेल, तर या जीवाचं रक्त काढत राहण्याला समर्थन उरत नाही.