आलिशान मोटार : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

दहा वर्षांपूर्वी पन्नास लाखांच्या घरात असलेली जर्मन बनावटीची मोटार आज नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीपेक्षाही कमी पैशांत मिळू शकते. पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात फेरफटका मारणाऱ्या नोकरदाराला किंवा छोट्या व्यावसायिकाला या आकड्याची भुरळ पडली तर नवल नाही. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची फेररचना झाली. मोठ्या गाड्यांवरील २८ टक्के कर आणि त्यावरचा २२ टक्क्यांपर्यंतचा अधिभार जाऊन ४० टक्के असा एकच दर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीलाही भाव उतरवावाच लागतो. स्वप्न आवाक्यात आल्यासारखे वाटते ते यामुळेच. मात्र आवाक्यात येते ती खरेदी. सांभाळही आवाक्यात येतो का, या प्रश्नाचे उत्तर सौद्यापूर्वी शोधणारे थोडेच असतात.

गाडीचे मूल्य किती वेगाने घसरते, याचा अंदाज विमा व्यवसायातील रूढ तक्त्यावरून येतो. या तक्त्यानुसार गाडीचे दुसरे वर्ष चालू असताना तिच्या विमामूल्यात २० टक्के घट धरली जाते, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यापुढे ग्राहक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायचे. घट कोणत्याही गाडीची होतेच; फरक पडतो तो सुट्या भागांच्या बाबतीत. पाऊण कोटीची गाडी पंधरा लाखांना विकली गेली, तरी तिचा गिअरबॉक्स, तिचे दिवे आणि तिची संगणकीय नियंत्रणे पाऊण कोटीच्या गाडीचीच राहतात. पहिल्या मालकाने ज्या दराने देखभाल केली, त्याच दराने, किंबहुना वाढत्या वयामुळे अधिक वेळा, ती तिसऱ्या मालकाला करावी लागते. पहिल्या मालकाला कंपनीची वॉरंटी होती, तिसऱ्याला बहुधा ती नसते. म्हणूनच जुन्या आलिशान मोटारीची विश्वासार्हता ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बचतीशी तिचा थेट संबंध येतो.

नाममुद्रा पुरेशी नाही

‘कोणती कंपनी चांगली?’ हा खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो. अमेरिकेतील जे. डी. पॉवर या संस्थेच्या टिकाऊपणाच्या वार्षिक पाहणीत लेक्सस ही जपानी नाममुद्रा सातत्याने अग्रस्थानी दिसते. परंतु ही पाहणी तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मूळ मालकांना विचारून केली जाते. नऊ वर्षे मुंबईच्या दमट हवेत, खड्ड्यांतून आणि वाहतूक कोंडीतून चाललेल्या, तीन हात बदललेल्या गाडीविषयी तिच्यातून फारसे काही कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत, इतकेच काय पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत, जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

काही दुखणी जगजाहीर आहेत. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ या काळातील दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन झिजत असे. ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला असल्याने ती बदलण्यासाठी मोठी खोलाखोल करावी लागते. ऑडीच्या त्याच सुमाराच्या दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनांत ऑइल खाण्याची तक्रार अनेक देशांत नोंदली गेली. मर्सिडीजची एस-क्लास आणि अन्य कंपन्यांच्या मोठ्या एसयूव्ही यांतील हवेवर चालणारे सस्पेन्शन प्रवास मुलायम करते खरे, पण त्यातील रबरी फुगे वयानुसार चिरतात आणि गळती भरून काढताना कॉम्प्रेसरही दमतो. बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांतील काजळी गाळणारे फिल्टर घर ते कचेरी अशा छोट्या फेऱ्यांत तुंबतात. त्यांना अधूनमधून महामार्गावरची सलग धाव लागते. अनेक कंपन्या गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे सांगतात. मात्र बीएमडब्ल्यू, ऑडी, जग्वार आदींना आठ गतींचे गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः ते ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलण्याची शिफारस करते. गाडी कोणत्या इंजिनाची, कोणत्या वर्षाची आणि तिचे ठरावीक दुखणे आधीच दुरुस्त झाले आहे की अजून व्हायचे आहे, हे प्रश्न नाममुद्रेपेक्षा महत्त्वाचे ठरतात.

त्यांची उत्तरे गाडी थंड असताना मिळतात. टायमिंग चेनची खडखड रात्रभर उभे राहिलेले इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येते. सस्पेन्शनची गळती असेल तर रात्रभरात गाडीचा एखादा कोपरा बसलेला दिसतो. ग्राहक पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवलेले असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच ते कळते आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी येणे शहाणपणाचे ठरते. पेट्रोल गाडीबाबत आणखी एक मुद्दा आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर मिळते. त्याला अनुरूप गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाडीला ते कितपत मानवते, हे मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीकडे विचारून घ्यावे लागते.

माहिती कोणाच्या हाती?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात गाडी विकायला तयार होत नाही आणि बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढत जाते, असा त्याचा आशय होता. या कामाबद्दल त्यांना २००१ मध्ये अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील आलिशान गाड्यांच्या बाजाराला हे विवेचन जसेच्या तसे लागू पडते. कंपनीच्या वर्कशॉपने लाखोंचे अंदाजपत्रक हातात ठेवल्यावर दुरुस्तीऐवजी विक्रीचा मार्ग धरणारे मालक याच बाजारात येतात. शिवाय १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचे मूलभूत तत्त्व ‘ग्राहकाने सावध राहावे’ हेच आहे.

सावधपणाची सुरुवात कागदांपासून होते. अधिकृत वर्कशॉपमधील सर्व्हिसची सलग नोंद आणि जॉब कार्डे हा सर्वांत भक्कम पुरावा. कोणत्या तारखेला किती किलोमीटर झाले होते, हे त्यात लिहिलेले असते. नोंद मध्येच दोन वर्षे तुटली असेल, तर त्या काळात काय घडले हा प्रश्न विचारायलाच हवा. विम्याची मागील पॉलिसीही बोलकी असते. पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाला ५० टक्क्यांपर्यंत बोनस मिळतो. एकाच हातात राहिलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य असेल, तर आदल्या वर्षी भरपाई घेतली गेली असण्याची किंवा विमा खंडित झाला असण्याची शक्यता असते.

खरा धोका पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर २०१५ मध्ये चेन्नई, २०१८ मध्ये केरळ, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण अशी महापुरांची मालिकाच झाली. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीची ठरवते. पुढे अशी गाडी लिलावात जाते आणि डेंटिंग-पेंटिंग करून दुसऱ्या राज्यात चकचकीत रूपात उभी राहू शकते. आलिशान गाड्यांत अनेक नियंत्रण पेट्या आसनाखाली, गालिच्याखाली किंवा डिकीत असतात. त्यांत शिरलेल्या ओलाव्याचे परिणाम कित्येक महिन्यांनी दिसू लागतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास मातीची रेघ, आसनांच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीखालचा गाळ आणि दिव्यांच्या काचेआड साचलेले धुके या खुणा लपवणे कठीण असते.

किलोमीटरचा काटा मागे फिरवण्याचा उद्योगही डिजिटल मीटरमुळे थांबलेला नाही. केवळ हत्यार बदलले. अमेरिकेने १९७२ मध्ये आणि जर्मनीने २००५ मध्ये या प्रकाराविरुद्ध विशेष कायदेशीर तरतूद केली. आपल्याकडे फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमांचाच आधार घ्यावा लागतो. दिलासा इतकाच की अनेक महागड्या गाड्यांत हा आकडा मीटरखेरीज अन्य नियंत्रण पेट्यांतही साठवला जातो आणि जाणकार तंत्रज्ञ निदान यंत्र लावून तो ताडून पाहू शकतो. टायरवरील चार आकड्यांचा संकेतही उपयोगी पडतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. जेमतेम वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या २०१७ च्या गाडीचे चारही टायर २०१९ मध्येच बदललेले असतील, तर ग्राहकाने थांबून विचार करावा.

परराज्यातील स्वस्ताई

दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. साहजिकच वयाची मर्यादा जवळ आलेल्या तेथील डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांकडे वळल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला आवर घातला आणि डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरता ठेवला. तरीही अशा गाडीची स्वस्ताई कागदावरच तपासलेली बरी. बारा महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी, नवी नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार येथील कर हे सारे ओघाने येते. नव्या वीस लाखांवरील डिझेल गाडीला राज्यात १५ टक्के कर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या बोज्याची कल्पना येते.

नाव बदलण्यातील दिरंगाई विक्रेत्यालाही महागात पडते. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ शिवाय व्यवहार पुरा होत नाही.

सरकारने काहीच केलेले नाही असे नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेणे आणि ताब्यातील गाड्यांच्या फेऱ्यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. पण मूळ दुखणे कायम आहे. मालकी आणि कर्जाची नोंद ‘वाहन’ प्रणालीत, अपघाताचे दावे विमा कंपन्यांकडे आणि दुरुस्तीचा इतिहास वर्कशॉपच्या संगणकात पडून आहे. गाडी एकदा पूर्ण नुकसानीची ठरली होती, हा शिक्का नोंदणीपुस्तकावर उमटत नाही. ही माहिती चॅसी क्रमांकाच्या आधारे एकत्र आणून माफक शुल्कात खरेदीदाराला दाखवण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही. ती झाली तर चांगल्या गाडीच्या प्रामाणिक मालकालाही योग्य भाव मिळेल. अकरलॉफ यांनी दाखवलेल्या दुष्टचक्रावरचा उपाय तोच आहे.

तोवर हिशेब ज्याचा त्यानेच मांडायचा आहे. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यायला लागणारे काही हजार रुपये हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त विमा आहे. विक्रेता अशा तपासणीला नकार देत असेल, तर तो नकार हाच तपासणीचा निष्कर्ष समजावा. आणि गाडीची किंमत चुकवल्यानंतर एका मोठ्या दुरुस्तीइतकी रक्कम हाताशी उरत नसेल, तर ती गाडी, कितीही स्वस्त असली तरी, त्या ग्राहकासाठी महागच आहे.