काळ्या कातळाखाली दडलंय काय?

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागावर बेसाल्टचा काळा कातळ पसरला आहे. तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याखाली त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइटसारखे खडक आहेत. त्यांना पायाभूत खडक म्हणतात. पूर्व विदर्भात ते उघडे पडले आहेत आणि मँगनीज, लोहखनिज तिथे सापडते. बेसाल्टच्या भागात ते झाकलेले आहेत. किल्लारीत १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये कातळ सुमारे ३४० मीटर जाड निघाला, तर कोयना परिसरात ९०० मीटरहून अधिक.

न खोदता कसे कळते?

जड खडकावर गुरुत्वाकर्षण किंचित वाढते, चुंबकीय खनिजांमुळे चुंबकीय क्षेत्र बदलते. विमानातून किंवा जमिनीवरून हे फरक मोजले जातात. मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत खडकांची वीजवहनाची क्षमता तपासते, तर भूकंपलहरींच्या पद्धतीत थरांवरून परतणाऱ्या लहरी नोंदवल्या जातात.

अडचण अशी की बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने खालचे संकेत झाकोळतात, लहरीही त्यात विखुरतात. म्हणून एकाच पद्धतीवर विसंबता येत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऑलिम्पिक डॅमचे उदाहरण बोलके आहे. तिथे गुरुत्व आणि चुंबकीय नोंदींतील वेगळेपण एकाच भागात दिसले. १९७५ मध्ये बोअर घेतली, तेव्हा ३०० मीटरहून अधिक जाडीच्या थरांखाली तांबे लागले. पुढे युरेनियम आणि सोनेही मिळाले. संकेत सर्वेक्षणाने दिला, पण शिक्कामोर्तब बोअरनेच केले.

घाई लिलावाची नको

केंद्राने २०२३ मध्ये कायदा बदलून खोलवरच्या आणि महत्त्वाच्या २९ खनिजांसाठी खासगी शोधपरवान्याची वाट मोकळी केली. मात्र महत्त्वाच्या खनिजांच्या अनेक ब्लॉकचे लिलाव पुरेशा बोलीदारांअभावी रद्द करावे लागले. अपुरी भूवैज्ञानिक माहिती हे त्याचे एक कारण मानले जाते.

जमिनीखाली काय आहे याचा अंदाजच कच्चा असेल, तर पैसा लावणार कोण? आणि नकाशावरच्या एका रंगीत ठिपक्यावरून 'खजिना सापडला' अशी आवई उठली, तर त्या गावातील जमिनीचे व्यवहार आणि लोकांची झोप दोन्ही बिघडतात. आधी अनेक पद्धतींनी सर्वेक्षण, मग चाचणी बोअर आणि त्यानंतरच लिलाव, हाच क्रम शहाणपणाचा. सरकारी पैशातून मिळालेली ही माहिती गावकऱ्यांनाही समजेल अशा मराठीत खुली व्हायला हवी.