तांब्याच्या संयुगाने कॅन्सरच्या पेशी मारल्या, म्हणजे नेमकं काय झालं?

'तांब्याच्या संयुगाने जिवाणू आणि कॅन्सरच्या पेशी मारल्या' अशा पोस्ट अधूनमधून फिरतात. खाली कुणीतरी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिण्याचा सल्लाही देतं. त्या पाण्याचा इथे काही संबंध नाही.

अशा संशोधनात अनेकदा 'शिफ बेस' असतात. ह्यूगो शिफ यांनी १८६४ मध्ये त्यांचं वर्णन केलं. अल्डिहाइड आणि अमाइन एकत्र आले की पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि शिफ बेस तयार होतो. त्यात कॉपर अ‍ॅसिटेट घालून अल्कोहोलमध्ये काही तास उकळलं, की हा रेणू तांब्याला खेकड्याच्या नांग्यांसारखा धरतो. बऱ्याचदा हिरवी किंवा तपकिरी पूड खाली बसते. कृती स्वस्त आणि सोपी आहे, एमएस्सीच्या प्रयोगशाळेतही जमते. म्हणूनच शोधनिबंधांचा एवढा ढीग आहे.

पुढे ती पूड जिवाणू वाढवलेल्या बशीत ठेवतात आणि भोवती किती मिलिमीटर जागा स्वच्छ राहिली ते मोजतात. नुसत्या शिफ बेसपेक्षा तांबं असलेलं संयुग अनेकदा सरस ठरतं. बांधला गेल्यावर तांब्याचा विद्युतभार विखुरतो, त्यामुळे संयुग पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आत गेल्यावर तांबं ऑक्सिजनचे घातक रेणू तयार करायला मदत करतं, त्यातून डीएनए तुटतो. अडचण इथेच आहे: निरोगी पेशीचा डीएनएही तसाच तुटू शकतो. शिवाय साधे तांब्याचे क्षारही जिवाणू मारतात. त्यांच्याशी तुलना केलेली नसेल, तर त्या निबंधातून फारसं काही सिद्ध होत नाही.

तरी हा शोध सोडून देण्यासारखा नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. धातूचं संयुग औषध होऊ शकतं हे सिसप्लॅटिनने दाखवलंय. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडजवळ जिवाणूंचं विभाजन थांबलेलं दिसलं, अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली १९७८ मध्ये. मधल्या १३ वर्षांत प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर चाचण्या झाल्या.

तांब्याचं एकही शिफ बेस संयुग अजून कॅन्सरचं मंजूर औषध झालेलं नाही. मेक्सिकोतली 'कॅसिओपिना' ही तांब्याची वेगळ्या घडणीची संयुगं मात्र माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचणीपर्यंत पोहोचली आहेत.