कुत्रा हाकलला, पिसवा राहिल्या

आमच्याकडे कुत्रा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस मुसलमान असेल तर प्रश्न ठरलेला असतो, "घरात?" आणि मुसलमान नसेल तर, "तुमच्यात चालतो?"

दोघांना मी एकच उत्तर देते. कुत्रा घरात नाही, पडवीच्या बाहेर पत्र्याच्या खोपीत असतो, आणि हो, चालतो. कोकणात ज्यांची आंब्याची किंवा काजूची बाग आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. वानरं आणि रानडुकरं मजहब विचारून येत नाहीत. शेती, गुरं आणि शिकार यांच्यासाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्ये मुभा आहे. कुरआनात सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे, आणि सूरह कहफमधल्या गुहेतल्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे. त्यामुळे कुत्रा ठेवावा की नाही यावर मला आज लिहायचं नाही. ज्यांना ठेवायचा नाही त्यांनी ठेवू नये, त्यात काही वाईट नाही. मला लिहायचं आहे ते ठेवल्यानंतरच्या जबाबदारीबद्दल, आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

मोत्या हा आमचा दुसरा कुत्रा. पहिला होता तेव्हा माझा थोरला पहिलीत होता. एका पावसाळ्यात त्याच्या पायांवर, घोट्याच्या वर, लाल पुरळ दिसू लागला. दोन-तीन ठिपके एका रांगेत, भयंकर खाज. आधी आम्हाला डास वाटले. मग कुणीतरी म्हणालं, "कुत्र्याच्या पिसवा असतील." झालं. सासूबाईंना तो कुत्रा आधीपासून नकोच होता. "नापाक जनावर दारात ठेवलंत, आता पोरालाच बाधलं," त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही सोपा उपाय हवा होता. नात्यातल्या एका मुलानं त्याला टेम्पोत घातलं आणि तालुक्याच्या मच्छी मार्केटजवळ सोडून दिलं. "तिथं खायला मिळेल," एवढं म्हणून आम्ही मनाची समजूत घातली.

कुत्रा गेला. पोराची खाज मात्र वाढली. त्याच्याबरोबर माझ्याही पायांवर ठिपके आले, आणि सासूबाईंच्याही. तीन आठवडे आम्ही फिनेलनं लाद्या पुसत होतो. असं का झालं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही. बीएडला आम्हाला शिकवलं होतं की मुलांना आधी निरीक्षण करू द्या, निष्कर्ष नंतर. मी स्वतः निष्कर्ष आधी काढला होता.

या वर्षी आषाढात मोत्या शेपटीच्या बुडाशी सारखा चावायला लागला. बसला की उठायचा, मागे वळून दातांनी केस कुरतडायचा, पुन्हा बसायचा. धाकट्यानं लक्षात आणून दिलं, "अम्मी, त्याचे मागचे केस गेलेत." आणि मला तो जुना पावसाळा आठवला. या वेळी ठरवलं, आधी बघायचं.

पिसू बघायची कशी, हे सांगते, कारण कुत्रा पाळणाऱ्या बऱ्याच घरांत हे कुणी करत नाही. जागा ठरलेल्या असतात: शेपटीचं बूड, पोट, जांघा, कानामागचा भाग, मान. केस उलट्या दिशेनं सारून कातडीपर्यंत बघायचं. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चेपलेली असते. तिला पंख नसतात, पाय सहा. चपटं अंग केसांतून पळायला सोयीचं, म्हणून ती दिसते न दिसते तोच गायब होते. गोचीड निराळी. तिला आठ पाय, ती उडी मारत नाही, कातडीत तोंड रुतवून एका जागी बसते आणि रक्त पिऊन वाटाण्यासारखी फुगते. कानात आणि बोटांच्या बेचक्यात सापडते ती बहुधा गोचीड. आमच्याकडे लोक दोन्हींना एकच समजतात आणि एकच औषध शोधतात.

पिसू नाही दिसली तरी तिची खूण दिसते. घरात उवा काढायची जुनी बारीक फणी होती. हातमोजे घालून ती मोत्याच्या पाठीवरून फिरवली आणि दातांत अडकलेली काळी कणी पांढऱ्या कागदावर झटकली. मिरीच्या पुडीसारखी दिसत होती. तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. माती असती तर पाणी मातकट झालं असतं. इथं प्रत्येक कणाभोवती तांबडी कड उमटली. ती पिसवेची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. धाकटा ओरडला, "रक्त!" शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा मुलं एवढी दचकत नाहीत.

पण खरा धडा पुढे होता. आमच्या घरात मांजर आहे. मांजर सगळीकडे फिरतं, चटईवर झोपतं, सासूबाईंच्या मांडीवर बसतं. त्याला हरकत नाही, मांजर पाक. मांजराचं उष्टं पाणी वुजूला चालतं, कारण ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, ही हदीस आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. सहज म्हणून मी तीच फणी धुऊन मांजराच्या मानेवर फिरवली आणि कागदावर झटकली. तिथंही तांबडी कड!

नंतर वाचलं आणि डॉक्टरांकडून समजूनही घेतलं. जगात बहुतेक ठिकाणी कुत्र्याच्या अंगावर जी पिसू सर्वांत जास्त सापडते, तिचं शास्त्रीय नाव आहे क्टेनोसेफॅलायडिस फेलिस. म्हणजे मांजराची पिसू! ती कुत्र्यावरही राहते आणि मांजरावरही. माणसाच्या अंगावर ती वस्ती करत नाही, पण भूक लागली तर माणसाला चावते. आमचा पहिला कुत्रा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. मग पोराच्या चटईपर्यंत पिसवा कशा पोचल्या, हा प्रश्न तेव्हा कुणीच विचारला नाही. मांजर तेव्हाही होतंच. ज्याला आम्ही पाक म्हणत होतो त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि ज्याला नापाक म्हणत होतो त्याच्याकडेही नीट पाहिलं नाही. फक्त एकाला टेम्पोत घातलं.

कुत्रा गेल्यावर खाज का वाढली, त्याचंही उत्तर मिळालं. अंगावर दिसते ती पूर्ण वाढलेली पिसू, आणि ती एकूण पिसवांचा लहानसा भाग असते. मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, दिवसाला चाळीस-पन्नाससुद्धा. अंडी गुळगुळीत असतात, केसांवर टिकत नाहीत, जनावर जिथं झोपतं तिथं गळून पडतात. त्यांतून बारीक अळ्या निघतात. त्या उजेड टाळतात, चटईखाली, लाद्यांच्या फटींत, गोणपाटात शिरतात आणि तीच वाळलेली विष्ठा खाऊन वाढतात. मग कोश. कोश चिकट असतो, धूळ लागून दिसेनासा होतो, औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. आतली पिसू आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही, थांबून राहते. जवळ पावलांची हालचाल झाली, अंगाची ऊब आणि श्वास जाणवला की बाहेर येते. बाहेर आल्यावर नेहमीचं जनावर नसेल तर जो असेल त्याला चावते. कुत्रा बाहेर काढून आम्ही त्या भुकेल्या पिसवांसमोर घरातली माणसं ठेवली होती.

आता तहारतीबद्दल बोलते, कारण आमच्याकडे विषय शेवटी तिथंच येतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्या मजहबात कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीच्या पाण्यानं. हनफी मजहबात त्याची लाळ नापाक, पण कोरडे केस लागल्यानं कपडा नापाक होत नाही. मालिकी मजहबात जिवंत कुत्रा मुळात पाकच मानतात. इमामांमध्ये एवढा मतभेद आहे, आणि त्यांनी तो एकमेकांचा आदर राखून केला. आपण आपला मजहब पाळावा. मीही पाळते, म्हणून हातमोजे, म्हणून मोत्याची वेगळी बादली. पण एक गोष्ट सांगा. कुत्र्याला हात लागल्यावर काय करायचं हे ज्या किताबांत लिहिलंय, त्याच किताबांत कपड्याला लागलेल्या पिसवेच्या रक्ताचाही मसला आहे. शाफईंकडे ते माफ धरलंय, हनफींकडेही त्यानं कपडा नापाक होत नाही. का? कारण माणसाला त्यापासून वाचणं कठीण. म्हणजे त्या बुजुर्गांनी पिसू बघितली होती, तिचा त्रास ओळखला होता, आणि मग हुकूम सांगितला होता. आपण त्यांचा हुकूम तेवढा घेतला आणि बघणं सोडून दिलं.

तहारत म्हणजे किळस नव्हे. किळस आली की माणूस तोंड फिरवतो. तहारतीसाठी मात्र जवळ जाऊन बघावं लागतं: कुठं लागलंय, काय लागलंय, किती लागलंय. तोंड फिरवून कुणी पाक होत नाही.

हे फक्त आमच्याच घरात घडतं असंही नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सरकारनं केवढी साफसफाई केली! शिपाई घराघरांत शिरले, सामान बाहेर फेकलं, माणसांना उचलून नेलं, घरं औषधानं धुतली. त्या काळच्या आठवणी मराठीत सगळ्यांनी वाचलेल्या आहेत. आणि रोग नेणारी होती उंदरावरची पिसू. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं ते दाखवलं तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. 1905 नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. ती पिसू वेगळ्या जातीची, मोत्याच्या पिसवांना घाबरून कुणी प्लेगची अफवा उठवू नये. मला एवढंच म्हणायचंय की न बघता केलेली सफाई आधी दुबळ्यावर तुटून पडते, आणि खरं कारण तसंच फटीत राहतं.

या वेळी आम्ही काय केलं? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मोत्याचं वजन करून त्याप्रमाणे औषध दिलं आणि मांजरासाठी वेगळं. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी ठरतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला लावायचं नाही. रॉकेल, फिनेल, शेतातली पावडर असलं काही अंगाला चोळायचं नाही, जनावर ते चाटतं. खोपीतलं गोणपाट जाळून नवं घातलं. चटया, चादरी, जानमाज कडक गरम पाण्यात धुऊन, ऊन मिळेल तेव्हा उन्हात टाकल्या. फटी रोज झाडल्या आणि कचरा लगेच घराबाहेर नेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की कोशांतून नव्या पिसवा निघतच राहतील, दोन-तीन महिने औषध थांबवू नका. थांबवलं नाही. जंताचं औषधही दिलं, कारण अंग चाटताना जनावरानं पिसू गिळली तर तिच्यातून फीतकृमी पोटात जातो. घरातलं लहान मूल चुकून पिसू गिळलं तर त्यालाही होऊ शकतो.

हे सगळं मिळून खर्च झाला तो ईदच्या एका जोडीपेक्षा कमी. त्या वेळीही तेवढाच झाला असता.

काही जण म्हणतील, एवढी उठाठेव करण्यापेक्षा कुत्रा नकोच. बरोबर आहे. हे जमणार नसेल तर ठेवू नका, कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण एकदा भाकरी घालून दाराशी बांधला, राखणीला लावला, की तो आपल्या हातातली अमानत झाला. त्याची मान आपण तपासायची, तो स्वतः तपासू शकत नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजलं म्हणून एका बाईला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस आपण मुलांना सांगतो. तिनं आधी काय केलं होतं? त्याची जीभ बाहेर आलेली तिनं पाहिली होती.

सासूबाई आता मोत्याला दुरून भाकरी टाकतात, आणि "फणी फिरवलीस का?" असं मलाच विचारतात. जवळ जात नाहीत. ठीक आहे.

तालुक्याला गेले की मच्छी मार्केटवरून जाताना अजून मी तिथल्या कुत्र्यांकडे बघते. इतक्या वर्षांनी तो तिथं असणार नाही हे मला माहीत आहे. त्याच्या अंगावर पिसवा होत्या की नव्हत्या, हेसुद्धा आम्ही कधी पाहिलं नव्हतं.